क्रेनमावशीचे हात

नदीच्या अलीकडे, धान्याच्या जुन्या गोदामांच्या मागे, मुलांची एक बाग आहे. बाग आपली म्हणायला. सावली धरणारी थोडी झाडं, एक वठलेलं खोड, एक घसरगुंडी, झोपाळे आणि फिरताना कण्हणारी एक लोखंडी चक्री. खेळण्यांच्या भोवती गुडघाभर उंचीचा दगडी कठडा आणि कठड्याच्या आत वाळू. पोरं पडली तर लागू नये म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने ती वाळू घातली होती. वाऱ्याने आणि पावलांनी ती बाहेर सांडायची, आणि रोज सकाळी एक बाई ती झाडून पुन्हा आत लोटायची.

या बाईला सगळे क्रेनमावशी म्हणत. तिचं खरं नाव कुणी विचारलं नाही आणि तिनेही कधी ते पुढे केलं नाही.

बागेत येण्याआधी तिचं सारं आयुष्य गोदामात गेलं होतं. तिथे बायका झाडायला आणि निवडायला असत, ओझं पुरुषांचं. नवरा गेला तेव्हा त्याच्या जागी ही जाऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी सकाळी हमाल हसले. संध्याकाळी त्यांच्यात हसायला दम उरला नव्हता, कारण ही थांबतच नव्हती, आणि एका बाईच्या मागे राहायचं तरी कसं? पोतं पाठीने उचलू नये, मांड्यांनी उचलावं. श्वास आत घेऊन वाकावं आणि सोडत सोडत उठावं. ओझं अंगापासून लांब धरलं की दुप्पट होतं, छातीशी धरलं की निम्मं. हे तिला कुणी शिकवलं नाही. ते ओझ्यानेच शिकवलं.

पुढे पोती वाहायला यंत्र आलं आणि माणसं घरी गेली. हिला बागेतली झाडलोट मिळाली आणि फाटकाजवळची एक खोली. खोलीला एकच खिडकी होती. त्या खिडकीतून घसरगुंडीचं वरचं टोक दिसे.

एका दुपारी शिवणकाम करणारी एक बाई आपल्या मुलाला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली. खुर्ची कठड्याला टेकली आणि तिथेच थांबली. मूल आत बघत राहिलं, उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तसं. मागायचं नाही हे त्याला शिकवलेलं होतं. मावशीने झाडू कठड्याला टेकवला.

"वर जायचंय का रे?"

मुलाने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "नको हो, जड आहे तो."

"जड? मी काय जन्मभर फुलं वेचली?"

तिने कमरेचा रुंद चामडी पट्टा घट्ट केला, वाकली, मुलाला छातीशी धरलं आणि कठडा ओलांडून वाळूत उतरली. घसरगुंडीची शिडी ती एका हाताने चढली. वर त्याला बसवलं, पाय सरळ केले, त्याच्या मागे स्वतः बसली आणि म्हणाली, "श्वास सोड. दगड होऊ नकोस." दोघं खाली आली. मूल असं हसलं, की झोपाळ्यावरच्या पोरांनी झोके थांबवले.

जन्मभर तिने पोती उचलली होती. एकही पोतं कधी हसलं नव्हतं.

त्या मुलाच्या पायांत बळ नव्हतंच, आणि हातांतलंही वर्षागणिक उतरत होतं. अंग मात्र भरत होतं. तिने त्याला हत्तीबाळ म्हणायला सुरुवात केली. त्याने तिला क्रेन म्हटलं. अशी दोघांची फिटंफाट झाली.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. गावाबाहेरच्या विशेष शाळेतल्या बाई दर आठवड्याला आपली मुलं घेऊन येऊ लागल्या. डोळ्यांनी न दिसणारा एक मुलगा होता. त्याच्यासाठी मावशी घसरगुंडीच्या खाली उभी राहून टाळ्या वाजवी, म्हणजे जमीन किती जवळ आली हे त्याला कळे. ज्यांचे पाय चालत नव्हते त्यांना ती एकेक करून आत नेई, खेळवी आणि बाहेर आणून ठेवी. गावातली पोरंही भोवती गोळा होत.

"मावशी, मला पण उचल!"

"तुला देवाने दोन धडधाकट तंगड्या दिल्यात ना? जा शिडीने."

"मग मी पण पाय मोडून घेतो."

"घे. मोडलेली तंगडी हातात देते, ती घेऊन घरी जा."

पोरं खिदळत. वाळूत सगळी एकत्र लोळत, आणि कोण चालणारं नि कोण न चालणारं हे लांबून ओळखू येत नसे. मावशी घामाने निथळलेली, कमरेवर हात ठेवून उभी राही. गर्व वाईट म्हणतात, पण ज्याच्याजवळ दुसरं काहीच नाही त्याने तो थोडा बाळगला तर कुणाचं काय गेलं?

त्या शाळेतली एकच मुलगी वेगळी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती आपली खुर्ची जागच्या जागी गरकन फिरवी. बारीक अंगाची, धारदार जिभेची. मावशी तिच्याजवळ हात पसरून गेली, तेव्हा तिने दोन्ही चाकं घट्ट धरली.

"मला उचलू नका."

"अगं, पिसासारखी आहेस तू. उचललेलं कळणारसुद्धा नाही तुला."

"मला कळतं."

"मग खेळणार कशी?"

"नाही खेळणार."

"नाक बघा केवढं!" मावशी हसून म्हणाली, पण हात तसेच पसरलेले राहिले. ते कुठे ठेवावेत हे तिला काही क्षण सुचेना.

भिंगरी कठड्याच्या बाहेर बसून राही. कोण आधी पोहोचलं, कुणी खोटं बोललं, कुणाची पाळी, याचा निवाडा ती तिथून करी आणि पोरं तो मानत. एकदा मावशी शेजारी टेकली असताना ती आपणहून म्हणाली, "तुम्ही कुणाला उचललंत की सगळे त्याच्याकडे बघतात. शिडीने चढणाऱ्याकडे कुणी बघतं का?"

मावशीला राग आला. एवढीशी पोर आणि नाकाने कांदे सोलते. पण बोलणं काट्यासारखं आत राहिलं.

शाळेच्या बाईंनी नगरपालिकेच्या कचेरीत केव्हापासून तगादा लावला होता. कठड्याला एके ठिकाणी खिंड पाडा, वाळूतून घट्ट वाट काढा, घसरगुंडीला शिडीबरोबर उतार द्या, चक्री जमिनीच्या पातळीला आणा म्हणजे खुर्चीसकट तिच्यावर जाता येईल. बागेचा मुकादम हे ऐकून ऐकून कंटाळला होता. एक दिवस बागेतच, सगळ्यांच्या देखत, तो बाईंना म्हणाला, "अहो बाई, उतार-बितार कशाला? आपल्याकडे क्रेन आहे की! काय मावशी?"

पोरं हसली. मावशीही हसली. तिने दंड ठोकून दाखवला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मावशीकडे अशा नजरेने पाहिलं, की तिला वाटलं, आपण काहीतरी सांडलं आहे आणि ते आपल्यालाच दिसत नाही.

*

हात आधी झोपू लागले. सकाळी झाडू धरला की उजव्या हाताची बोटं आपली नाहीतच असं वाटे. मग कळ मानेतून निघून कोपरापर्यंत येऊ लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान दाबून पाहिली आणि विचारलं, "उचलायचं काम करता का?"

"नाही. आता झाडते फक्त."

"मग ठीक. पण घागरसुद्धा उचलू नका. हात कधी दगा देईल सांगता येत नाही."

ती हे कुणाला बोलली नाही. नदीपलीकडे राहणारी धाकटी बहीण आठवड्यातून एकदा येई. तिने ताईला डाव्या हाताने चहा गाळताना पाहिलं आणि ओळखलं.

"ताई, उजव्याला काय झालं?"

"झोपलाय."

"हात झोपतो तो कधी? म्हातारा झाल्यावर. तू म्हातारी झालीस, हे मान्य कर आणि ती पोरं उचलायचं सोड."

"सोडलं तर ती येतील कशाला?"

"येणार नाहीत. त्यात काय? तुझी का ती?"

मावशीने कप बहिणीपुढे सरकवला. "साखर कमी आहे. बडबड जास्त आहे. ढवळून पी."

त्या आठवड्यात शाळेची मुलं आली तेव्हा आभाळ दाटलेलं होतं आणि बागेत कुंद उजेड होता. हत्तीबाळही आईबरोबर आला होता, तो आता बारा वर्षांचा होता. तो स्वतःहून म्हणाला, "मावशी, आज नको. मी जाड झालोय."

कदाचित त्याने तिच्या चेहऱ्यावर काही पाहिलं असेल. मुलांना दिसतं. पण तिला ते शब्द म्हणजे गोदामातल्या हमालांचं हसणं वाटलं. तिने पट्टा आवळला.

ती कठडा ओलांडून गेली. वाळूतून गेली. शिडीच्या निम्म्यावर चढली. आणि उजवा हात नाहीसा झाला. दुखला नाही, थरथरला नाही, तो फक्त तिचा राहिला नाही. हत्तीबाळाचं सगळं वजन डाव्या हातावर आलं, डावा पुरला नाही, आणि मूल तिच्या छातीवरून घसरून खाली गेलं. खाली वाळू होती. पण पाय वाळूच्या कडेला, कठड्याच्या दगडावर आपटला. काटकी मोडावी तसा आवाज झाला. मुलगा लगेच ओरडला नाही. तो आधी तिच्याकडे बघत राहिला.

मग धावाधाव झाली. मुकादम आला, गाडी आली. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "पडला कसा?" पांढराफटक पडलेला हत्तीबाळ दात आवळून म्हणाला, "मी हात सोडला. मावशीने नीट धरलं होतं. मीच सोडला."

मावशी वाकून त्याच्या अंगावरची वाळू झाडत राहिली.

कचेरीतून हुकूम यायला फार वेळ लागला नाही. ही मुलं स्वतःला सावरू शकत नाहीत, खेळणी त्यांच्यासाठी नाहीत, तेव्हा त्यांना आत सोडू नये. मुकादमाने फाटकापाशी येऊन तिला तोंडी सांगितलं. "मुलगाच बोलला म्हणून वाचलीस, मावशी. मी पण तसंच कळवलंय. आता तू आणि तुझा झाडू. कशाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."



*

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी ती गेली तेव्हा यंत्र बंद होतं. चिंध्या बाजूला सारून बसायला जागा झाली. मुलगा खाटेवर होता, मांडीपासून खाली प्लास्टरमध्ये. आई पाणी आणायला उठून गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मूल पडलं त्या दिवशीही ती मावशीला काही बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं.

"मी कुणाला सांगितलं नाही," हत्तीबाळ हळूच म्हणाला. "आईलासुद्धा नाही."

"का रे सोन्या? खोटं कशाला बोललास?"

"खरं सांगितलं तर तुला काढतील. मग आम्हाला कोण उचलणार?"

मावशी खाटेच्या काठावर बसली होती. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, डावा. उजवा मांडीवर तसाच पडून होता, दुसऱ्याचा असल्यासारखा.

"आता बागेत येताच येत नाही म्हणे," मुलगा म्हणाला. "तरी तू आहेस ना तिथे. कधीतरी उघडतील."

परत येताना फाटकाशी भिंगरी दिसली. बाहेरच्या बाजूला, खुर्ची गजांना टेकवून. तिचे वडील रस्त्यापलीकडे कुणाशी बोलत होते. आत गावातली पोरं खेळत होती, आणि कोण आधी पोहोचलं यावरून भांडत होती. निवाडा करायला कुणी नव्हतं.

"अशी का बसलीस?"

"कठड्यापर्यंत तरी येऊ देत होते आधी," भिंगरी म्हणाली. "आता फाटकापर्यंत."

"माझ्या हातात असतं तर—"

"तुमच्याच हातात होतं." ती मान न वळवता बोलत होती. "बाई आणि बाबा बोलत होते, मी ऐकलं. बाई म्हणाल्या, मावशी उचलत होत्या म्हणून उतार झाला नाही. दर वेळी कचेरीत म्हणायचे, चाललंय ना, कशाला हवाय. बाई म्हणाल्या, पण हे मावशींना सांगायचं कसं? त्यांना वाईट वाटेल."

मावशी जागीच उभी राहिली. तिला मुकादमाचं वाक्य आठवलं, पोरांचं हसणं, आपण ठोकलेला दंड. इतकी वर्षं आपण मुलांना आत नेत होतो असं तिला वाटत होतं. आणि आपणच, चांगल्या मनाने, वाळूसारखे खुर्च्यांच्या वाटेत पसरून राहिलो होतो.

बहीण आली तेव्हा मावशीने ठरवलेलं सांगून टाकलं. मुलांच्या बंदीवर कचेरीत सभा आहे, तिथे जाऊन खरं बोलायचं.

"उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!" बहीण खेकसली. "पोरगा स्वतः म्हणतो मी सोडला, मुकादम म्हणतो त्याने सोडला, आणि तू मध्येच कुठून निघालीस सत्याची पुतळी? काम जाईल. खोली जाईल. माझ्याकडे काय महाल आहे?"

"तुझ्या स्वयंपाकघरात माझं अंथरूण मावतं. मी मोजलंय."

"मोजलंस? म्हणजे माझ्या घरात येऊन माझ्याच फरशा मोजल्यास?" बहिणीने पदर तोंडाशी नेला. मग डोळे पुसत म्हणाली, "रात्री घोरायचं नाही."

सभेला शाळेच्या बाई होत्या, मुलांचे आईबाप होते. मोठ्या टेबलामागे साहेब होते. मुकादम दाराशी उभा होता. साहेब समजुतीच्या सुरात सांगत होते, की मुलाने स्वतः हात सोडला, अशा मुलांना झोपाळ्या-घसरगुंडीवर बसवणं म्हणजे त्यांच्याच जिवाशी खेळ. तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्याने हात सोडला नाही. माझा सुटला."

"मावशी," मुकादम दातांतून म्हणाला, "बस खाली."

"त्या पोराला हातच कुठे आहेत धरायला? त्याच्या बोटांत चमचा धरायची ताकद नाही. तो माझ्यासाठी खोटं बोलला. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं उचलू नको म्हणून. मी उचललं. घसरगुंडीने काही केलं नाही आणि मुलाने काही केलं नाही. मी पाडलं." तिचा श्वास भरून आला होता. "पण साहेब, मी नसते तर दुसरं कुणी उचललं असतं, आणि त्याचाही हात कधीतरी दमलाच असता. हात दमतात. उतार दमत नाही. तो तेवढा करा."

मागे, भिंतीशी, शिवणकाम करणारी बाई बसली होती. तिने चेहरा ओंजळीत लपवला. मावशीला तिच्याकडे जायचं होतं. पण मधल्या खुर्च्यांतून वाट काढून जाण्याचं धैर्य तिच्याजवळ उरलं नव्हतं.

काम त्याच आठवड्यात गेलं. फाटकाजवळची खोली तिने झाडून, कोनाडे पुसून परत केली. चामडी पट्टा तिने बरोबर नेला नाही. नव्या राखणदाराने तो कशाला तरी वापरला असेल.

*

खरं बोललं की त्याचं फळ मिळतं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. फळ मिळतं, हे खोटं नाही. पण ते कोणतं मिळेल हे झाड ठरवतं.

साहेबांनी मावशीचं बोलणं मनावर घेतलं. त्यातलं त्यांना जे ऐकू आलं ते एवढंच, की मुलं पडतात आणि मग जाब द्यावा लागतो. उन्हाळा सरता सरता बागेच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे, एक नवा कोपरा तयार झाला. खाली मऊ रबरी फरशी. जमिनीच्या पातळीला बसवलेली चक्री. पाठ असलेला झोपाळा. उतार असलेली छोटी घसरगुंडी. बाईंनी जे जे मागितलं होतं ते जवळजवळ सगळं होतं. आणि त्या सगळ्याभोवती छातीएवढे उंच गज, स्वतंत्र दार, दाराला कडी. आत फक्त विशेष शाळेची मुलं. बाकीच्यांनी धक्का मारू नये, काही अघटित होऊ नये, म्हणून. हेही कुणीतरी चांगल्या मनानेच केलं होतं.

मावशी बघायला गेली ती एका संध्याकाळी, बहिणीबरोबर. नव्या राखणदाराने तिला ओळखलं नाही.

भिंगरी आत होती, एकटीच. ती उतारावरून खुर्ची रेटत वर गेली, दांड्यांना धरून घसरगुंडीच्या तोंडाशी सरकली आणि खाली आली. वर खुर्ची राहिली, ती खाली. मग हातांवर सरकत सरकत उतार चढून खुर्चीशी गेली. कुणी उचललं नाही. कुणी पाहिलंही नाही. दुसऱ्या टोकाला, जुन्या वाळूत, गावातली सगळी पोरं होती.

"आलीस की गं वर!" मावशी गजांतून म्हणाली.

"आले." भिंगरीने खुर्ची जवळ आणली. तिचे तळवे लाल झाले होते. "छान आहे. उतार छान आहे."

"मग तोंड का असं?"

"शर्यत कुणाशी लावू?"

भिंगरी चक्रीवर गेली, खुर्चीला अडकण घातली आणि बसली. चक्री जागची हलली नाही. ती आतून फिरवता येत नाही. कुणीतरी बाहेरून धावत धक्का द्यावा लागतो. तेवढ्यात गावातली दोन पोरं धावत आली आणि दाराशी थांबली.

"काका, आम्ही फिरवतो तिला!"

"तुमचं तिकडे," राखणदार म्हणाला. वाईट माणूस नव्हता. त्याला सांगितलं होतं तेवढं तो करत होता.

"हत्तीबाळ येतो का इथे?" मावशीने विचारलं.

भिंगरीने मान हलवली. "त्याला आता बसवतच नाही. पाय जुळला, पण खाटेवर राहून बाकीचं सगळं गेलं. बाई म्हणतात, तो आता यायचा नाही."

बहिणीने मावशीचा हात धरला. उजवा धरला, म्हणून मावशीला ते कळलं नाही.

*

त्यानंतर ती कचेरीत जाऊ लागली. दर सोमवारी. नदीचा पूल ओलांडून, सावकाश. बाकावर बसायची आणि साहेब दिसले की उठून एकच म्हणायची, "उतार दिलात, उपकार झाले. आता गज काढा. नाहीतर तोच उतार जुन्या वाळूत न्या." साहेब आधी हसून बोलत, मग घाईत असत, मग मागच्या दाराने जाऊ लागले. शिपाई म्हणे, "मावशी, दगडावर डोकं आपटू नका. दगडाचं काही जात नाही."

"माझं तरी काय जायचं राहिलंय?"

एका सोमवारी भिंगरी बरोबर आली. वडिलांनी तिला तिथवर सोडलं आणि ते कामावर गेले. कचेरीच्या दाराला पायऱ्या होत्या, रुंद, दगडी, जुन्या. भिंगरीची खुर्ची पहिल्या पायरीशी येऊन थांबली. आत दिवे लागलेले होते. शिपाई दारात आला.

"साहेब आहेत आज. दहा मिनिटं देतो म्हणाले. चला."

"हिला बोलायचंय," मावशी म्हणाली. "मी नाही बोलणार. मी खूप बोलले."

"मग आणा की तिला वर. दोघं मिळून उचलू. हलकीच तर आहे. तुम्ही इकडून धरा, मी तिकडून."

भिंगरीने चाकं घट्ट धरली नाहीत. तिने मावशीकडे पाहिलं नाही. ती समोरच्या पायरीकडे बघत राहिली, आणि तिच्या मानेची शीर ताठ झालेली मावशीला दिसली. आज उचललं असतं तर तिने कदाचित उचलू दिलं असतं. आत साहेब होते, आणि दहा मिनिटं होती. मावशीचा डावा हात अजून चालत होता.

"नाही," मावशी म्हणाली. "हिला कुणी उचलायचं नाही. साहेबांना सांगा, खाली या."

"मावशी, साहेब असे खाली येतात होय कुठे?"

"पायऱ्या उतरायलाच तर सोप्या असतात. सांगा तर खरं."

शिपाई डोकं खाजवत आत गेला. मावशी पहिल्या पायरीवर बसली, खुर्चीच्या शेजारी. रस्त्याने माणसं येत-जात होती, कुणी दोघींना वळसा घालून वर जाई, कुणी वाकून विचारी, "उचलू का?" आणि दर वेळी एकच उत्तर मिळे. दहा मिनिटं गेली. मग ऊन पायऱ्यांवरून उतरून रस्त्यावर गेलं. शिपाई दोनदा दारात येऊन बघून गेला.

"येतील?" भिंगरीने विचारलं.

"आज नाही यायचे."

"मग?"

"पुढच्या सोमवारी तुझे बाबा सोडतील का?"

भिंगरीने विचार केला. "सोडतील. पण तू वेळेवर ये. मला एकटीला इथे बसायचं नाही."

आत एकेक दिवा मालवू लागला. मागच्या बाजूला कुठेतरी एक दार उघडून बंद झालं, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दोघींनीही तिकडे मान वळवली नाही.